घराचा रोजमेळ

सजावट हा शब्द आपल्या व्यापारी कुटुंबांत बहुधा दोनच प्रसंगी ऐकू येतो : घरात लग्नकार्य निघाले म्हणजे, किंवा दुकानाचे नूतनीकरण करावयाचे ठरले म्हणजे. दोन्ही वेळी आपण अमरावती-नागपूरकडची दोन-चार घरे, दुकाने पाहून येतो, मिस्त्रीला मोबाईलवरील छायाचित्रे दाखवतो आणि ‘अगदी असेच पाहिजे’ असे सांगून मोकळे होतो. ज्याने ते पहिले घर रचले त्याला ती कल्पना कोठून सुचली असेल, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. गेल्या दोन वर्षांत आमच्या दिग्रसच्या घरात हा प्रश्न फार निकडीचा झाला. त्याचे उत्तर शोधताना जे पाहावयास मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

आमचे कापडाचे दुकान माझ्या आजोबांनी दिग्रसच्या बाजारपेठेत थाटले. खाली दुकान, त्याला लागून ओसरी, मागे मालाच्या गाठींचे कोठार आणि वर राहते घर, अशी त्याची जुनी मांडणी. तुळया यवतमाळ जिल्ह्याच्या जंगलातील सागाच्या. ओसरीच्या मधल्या तुळईला पितळी कड्यांची बंगई. वडीलबंधूंनी दुकान सांभाळले. मी एम.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि ३६ वर्षे विदर्भ-मराठवाड्यातील बदल्यांची गावे फिरून निवृत्तीनंतर याच घरात परतलो. आता दुकानाचा व्याप माझा मुलगा पाहतो.

मातोश्रींचे वय ८८. दिवसातून चार वेळा १४ पायऱ्या उतरून त्या बंगईवर येऊन बसत. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा डॉक्टरांनी जिना बंद करावयास सांगितले. नेमक्या त्याच सुमारास मुलाने दुकान वाढवावयाचे मनात घेतले होते. ओसरी दुकानात घ्यावी, दर्शनी भागाला काच लावावी, आणि आजीसाठी वर स्वतंत्र वातानुकूलित खोली करावी, असा त्याचा बेत. बेतात प्रेमाची उणीव नव्हती. हिशेबही चोख होता. सर्वांचे बोलणे ऐकून घेतल्यावर मातोश्री एवढेच म्हणाल्या, “वर मला कोण भेटेल?”

त्या प्रश्नावर घरात कोणाजवळच उत्तर नव्हते. आमच्या सूनबाईंनी नागपूरला अंतर्गत सजावटीचे रीतसर शिक्षण घेतले आहे. लग्न होऊन त्या दिग्रसला आल्या, तेव्हा ‘इथे या विद्येचा काय उपयोग?’ असे नातेवाईकांनी बोलून दाखवलेच होते. घराचे काम त्यांच्याकडे सोपवावे असे ठरले. चार दिवसांत नकाशे, रंगांचे नमुने, लाकडाच्या पट्ट्या समोर येतील, अशी सर्वांची अपेक्षा. त्यांनी मात्र शाळकरी मुलांची असते तशी २०० पानी वही आणली, आणि मला म्हणाल्या, “पप्पा, आधी घर काय करतं ते मला पाहू द्या. मग घराचं काय करायचं ते सांगते.”

आठ दिवस त्या वेळ टाकून नोंदी करीत राहिल्या. त्या वहीतील काही नोंदी अशा : सकाळी ६.१०, दादीजींची सामायिक, पूर्वेच्या झरोक्याखाली, दिवा लावत नाहीत. सकाळी ९.४०, तांदूळ निवडणे. उन्हाची चौकट सरकते तशा दादीजीही सरकतात. सकाळी ११.१५, कलगावच्या दोन बाया, आधी बंगईपाशी, मग दुकानात. सायंकाळी ५.०५, मुलांची दप्तरे पहिल्या पायरीवर. खुंट्या पाच फुटांवर आहेत, मुलांचे हात पोचत नाहीत.

वही माझ्या हाती आली तेव्हा मला ती ओळखीची वाटली. तो रोजमेळ होता. आपल्या पेढ्यांवर आधी रोजमेळ लिहिला जातो, त्यावरून खतावणी होते आणि वर्षाअखेरीस ताळेबंद निघतो. रोजमेळ न लिहिता कोणी थेट ताळेबंद मांडू लागला, तर आपण त्याला व्यापारी म्हणणार नाही. घरे बांधताना मात्र आपण नेमके हेच करतो. दुसऱ्याच्या घराचा ताळेबंद उचलून आणतो आणि आपल्या माणसांना त्यात बसवतो. कल्पना सुचणे ही काही दैवी देणगी असते असे आपण मानतो. त्या वहीत तर साध्या तारीखवार नोंदी होत्या, आणि पुढची प्रत्येक कल्पना त्यांतूनच निघाली.

नित्याच्या वस्तूंकडे असे निरखून पाहण्याचे एक मोठे उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासात आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतील रचनाकार दांपत्य आपल्याकडे आले आणि १९५८ साली त्यांनी रचनाशिक्षणाविषयीचा आपला अहवाल सादर केला. देशभर हिंडून मंदिरे, महाल, वस्त्रे पाहिल्यावर या दांपत्याने कौतुक केले ते आपल्या घरातल्या लोट्याचे. त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर आणि कमरेवर तोलावा कसा, ओतताना धार कशी पडावी, हात आत घालून घासता येईल का, मोडीत काढला तर किंमत किती येईल, असे कितीतरी प्रश्न त्या एका भांड्याने पिढ्यान्‌पिढ्या सोडवत आणले, हे त्यांनी दाखवून दिले. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय रचना संस्था उभी राहिली आणि तिच्या उभारणीत गौतम व गीरा साराभाई या भावंडांचा मोठा वाटा होता. गिरणीमालक जैन घराण्यातील या भावंडांनी त्याआधी १९४९ मध्ये कॅलिको वस्त्रसंग्रहालयही उभारले होते. कापडाच्या व्यापारातील माणसाची नजर कापडाच्या भावापलीकडे कोठवर जाऊ शकते, याचा हा दाखला आपल्या तरुणांना सांगण्यासारखा आहे.

अशी नजर शिकलेल्यांचीच असते असे नाही. माझ्या नोकरीतील एका लहान गावाच्या शाखेत रोख देण्याची खिडकी बरीच उंच होती. महिन्याच्या सुरुवातीला निवृत्तिवेतन घ्यावयास येणाऱ्या वृद्ध स्त्रियांना अंगठा उठवताना टाचा उंच कराव्या लागत. फर्निचर बदलण्यास मंजुरी हवी, आणि मंजुरीस कागदपत्रे. आमच्या शिपायाने एके दिवशी घरून जेवणाचा जुना पाट आणून खिडकीखाली ठेवला. त्याखाली दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे तो डगमगू नये. तरुण खातेदार तो पायाने बाजूला सारत, म्हातारीची पाळी आली की पुन्हा पुढे ओढला जाई. मी त्या शाखेत होतो तोवर तो पाट तेथेच होता. सजावटीची पुढे जी काही पुस्तके सुनेच्या कपाटात पाहिली, त्यांतील पुष्कळ पाने त्या पाटाने मला आधीच वाचून दाखवली होती.

आपल्या दुकानांतही अशी शहाणी रचना मुरलेली आहे. कर्जाच्या तपासणीसाठी मी शेकडो दुकानांत आणि गोदामांत गेलो. कापडाच्या दुकानात गादीवर पांढरीशुभ्र चादरच का असते? पांढऱ्यावर टाकलेल्या कापडाचा रंग खरा दिसतो. जाणते गिऱ्हाईक तरीही लुगडे हातात घेऊन दाराशी जाते आणि दिवसाच्या उजेडात पाहते, कारण दुकानातला दिवा रंग बदलून दाखवतो. मुनीमजींची उतरत्या झाकणाची ठेंगणी पेटी मांडी घालून लिहिणाऱ्याच्या मनगटाला आधार देते. हे कोणी कागदावर रेखाटलेले नव्हते. रोजच्या कामातून ते घडत आले.

सूनबाईंनी दुकानाची मांडणी करताना याच गोष्टी धरून ठेवल्या. अर्ध्या भागात पांढरी गादी कायम राहिली. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी उरलेल्या अर्ध्या भागात टेबल आणि पाठीच्या खुर्च्या आल्या. दर्शनी काचेच्या आत पुतळे उभे करावयाचे होते, त्यातील चार फूट जागा त्यांनी मोकळी ठेवली. कामगार आता तिला ‘उजेडाची जागा’ म्हणतात. गिऱ्हाईक तेथे उभे राहून रंग पारखते; कापड हातात घेऊन त्याला रस्त्यावर जावे लागत नाही.

वरच्या घरात सर्वांत अवघड प्रश्न जेवणघराचा होता. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या आत-बाहेर मावळतो. जेवणाचे टेबल आतल्या काळोख्या खोलीत. त्यामुळे बाहेर ऊन असतानाच आत दिवा लागे आणि घड्याळाकडे पाहत घाईने घास उतरत. टेबल पश्चिमेच्या खिडकीशी आणावे, म्हणजे सूर्य किती उरला हे जेवताना दिसेल, असे सूनबाईंचे म्हणणे. त्यावर वडीलबंधू म्हणाले, “आणि मे महिन्यात काय करायचं?” प्रश्न रास्त होता. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि मावळतीचे ऊन इतके तिरपे येते की छज्जा कितीही पुढे काढला तरी ते आत शिरते. उत्तर सापडले ते बुरुडाकडे. बांबूच्या बारीक कामट्यांचा गुंडाळता येणारा पडदा त्याने खिडकीबाहेर बसवून दिला. ऊन काचेवर पडण्याआधीच अडते आणि वारा चालू राहतो. उन्हाळ्यात त्याच्या जोडीला वाळ्याची ताटी येते. हिवाळ्यात पडदा गुंडाळला की ताटावर सोनेरी उजेड पडतो, आणि सगळे कुटुंब एका वेळी बसते.

परिंड्याचेही असेच झाले. पाणी गाळून झाल्यावर ओले गाळणे वाळत घालावयास जागा नसे. ते नळावर लटके, फरशीवर थेंब पडत आणि पाय घसरण्याची भीती राही. आता ओट्यावर एक लाकडी दांडी आणि खाली मोरीकडे उतार देणारी दगडी पट्टी आहे. खर्च किरकोळ आला.

सध्या घरोघरी छताखाली खोटे छत करण्याची हौस आहे. आमच्याकडेही तसा प्रस्ताव होता. सूनबाईंनी विचारले, “त्या पोकळीत मुंग्या, कोळी, पाली होतील. त्या झाल्या की फवारणी करावी लागेल. मग ती पोकळी करायचीच कशाला?” जयणा आपण सामान्यतः आचरणाच्या प्रकरणात वाचतो, येथे ती रचनेची अट होऊन आली. त्यामुळे छत उघडे राहिले आणि जुन्या सागाच्या तुळया दिसू लागल्या. कपाटांना सहा इंच उंचीचे पाय दिले, म्हणजे मऊ केरसुणी खालून फिरते आणि कोपऱ्यात काही साचत नाही, काही चिरडत नाही. तुळया घासून तेल देणारा मिस्त्री म्हणाला, “काकाजी, असं लाकूड आता भेटत नाही. याले कापू नका.” खोट्या छताचे जे पैसे वाचले, ते पुढे दुसऱ्या महत्त्वाच्या कामी आले.

हे सारे होत असताना सूनबाईंच्या टेबलावर बाळकृष्ण दोशी यांच्या कामाविषयीचे एक पुस्तक नेहमी उघडे असे. दोशी मूळचे पुण्याचे. १९२७ मध्ये त्यांचा तेथे जन्म झाला. आजोबांचा फर्निचरचा कारखाना होता. एकत्र कुटुंबात माणसे वाढत तसतशा खोल्या आणि मजले वाढत गेलेले घर त्यांनी लहानपणी पाहिले. पुढे मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयात शिकून ते पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम करावयास गेले आणि परतल्यावर अहमदाबादला स्थायिक झाले. २०१८ मध्ये वास्तुकलेतील प्रित्झ्कर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. अहमदाबादच्या ‘संगाथ’ या त्यांच्या कार्यशाळेचे कमानदार छत फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेले आहे; ऊन परतवून लावण्याची ही स्वस्त देशी युक्ती. इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना चौथरा, पाणी-संडासाची सोय आणि एखादी खोली देऊन पुढचे घर ज्याचे त्याला ऐपतीप्रमाणे वाढवू दिले. बालपणी पाहिलेले वाढते घर या वसाहतीच्या मुळाशी आहे, असे मला वाटते. जगाने गौरवलेल्या माणसाची प्रेरणासुद्धा आजोबांच्या कारखान्यात आणि एकत्र कुटुंबाच्या गलबल्यात सापडते, हे वाचून सूनबाईंना धीर आला असावा. मला तर निश्चित आला.

आता उरला होता मातोश्रींचा प्रश्न. वहीतील नोंदींची खतावणी मी केली, ती माझ्या हातची विद्या. आठ दिवसांत बंगईपाशी ६३ माणसे थांबली होती. त्यांपैकी ४१ पुढे दुकानात गेली. तुपटाकळी, कलगावकडून लग्नाचा बस्ता बांधावयास येणाऱ्या बाया आधी मातोश्रींजवळ टेकतात, पाणी पितात, मुलीचे कसे जमले ते सांगतात आणि मग कापड पाहतात. मुलाला मी तो कागद दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, “पप्पा, हे आकडे नसते तरी बंगई राहिली असती. पण आकडे आहेत, ते बरं झालं.”

सूनबाईंची योजना अशी होती : मागचे कोठार रिकामे करून तेथे मातोश्रींची खोली करावी. ओसरी आणि ती खोली यांत एकही पायरी नसावी. न्हाणीघर खोलीला लागून, दार बाहेर उघडणारे, भिंतीला हाताशी दांडी. पूर्वेला झरोका, सामायिकेसाठी. आणि कोठार वर न्यावे.

व्यापारी माणसाला यातील शेवटचे वाक्य किती जड जाते, ते वाचक जाणतात. माल खाली हाताशी असावा, माणसे वर असावीत, ही आपली पिढीजात रीत. वडीलबंधू दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. वर गाठी चढवावयाच्या कशा, हमाली किती वाढेल, लाकडी तक्तपोशीवर भार झेपेल का, असे प्रश्न होते आणि ते खरे होते. अभियंत्याला बोलावले. भार मधोमध न देता भिंतींलगत मांडण्या कराव्यात, हंगामी आणि हलका माल तेवढा वर ठेवावा, असे त्याने सांगितले. गाठी वर नेण्याची युक्ती घरातच होती. रस्त्याच्या बाजूला वरच्या तुळईचे एक टोक दोन फूट बाहेर आलेले आहे आणि त्यात लोखंडी आकडा आहे. आजोबांच्या काळी त्याला कप्पी लावून धान्याची पोती वर चढवत. आम्ही जन्मापासून तो आकडा पाहत आलो. सणाला त्याला तोरणाची दोरी बांधत असू. सूनबाईंनी नोंदवहीत त्याचे चित्र काढून ठेवले होते. अभियंत्याकडून तो तपासून घेतला आणि खोट्या छताच्या वाचलेल्या पैशांतून नवी कप्पी व जाड दोर आणला. पहिली गाठ वर चढली तेव्हा दोर धरायला वडीलबंधू स्वतः उभे होते.

मातोश्री आता पहाटे झरोक्याखाली बसतात आणि आठ वाजता, भिंतीची दांडी धरून, कोणाच्याही मदतीवाचून बंगईपर्यंत येतात. अंतर १९ पावलांचे आहे, त्यांनीच मोजले. गेल्या उन्हाळ्यात गावातील एका धान्य व्यापाऱ्याच्या पत्नी त्यांना भेटावयास आल्या, तासभर घर पाहत बसल्या आणि जाताना सूनबाईंना आपल्या स्वयंपाकघराचे काम देऊन गेल्या. त्या कामाची रक्कम सूनबाईंनी स्वतःच्या नावाच्या वेगळ्या वहीत जमा केली. दिवाळीच्या चोपडीपूजनात ती वहीही मांडावी, असे मातोश्रींनीच सांगितले आणि ती दुकानाच्या वह्यांशेजारी मांडली गेली.

ज्या कुटुंबांत येत्या वर्षी बांधकाम अथवा रंगरंगोटी निघणार आहे, त्यांना माझी विनंती आहे. कारागिराला बोलावण्याआधी आठ दिवस घराचा रोजमेळ लिहावा. कोण कोठे बसते, कोणत्या वेळी कोठे उजेड येतो, कोणाचा हात कोठवर पोचतो, पाणी कोठे सांडते, पाहुणा पहिल्यांदा कोठे टेकतो, आणि दिवसभरात कोणाशी कोणीच बोलत नाही, एवढे लिहिले तरी पुरे. लिहिण्याचे काम घरातील लेकी-सुनांकडे आणि मुलांकडे द्यावे, कारण त्यांची नजर अजून सवयीने बोथट झालेली नसते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना लेखणी अडखळेल. तरी ते लिहावे, आणि घराची आखणी तेथूनच सुरू करावी.

आमच्या वरच्या घरात उत्तरेची एक भिंत सूनबाईंनी मोकळीच सोडली आहे. तिथे काय येणार, असे विचारले तर त्या म्हणतात, “अजून नोंद व्हायची आहे.”